उटी आणि हातब्रेक

अहमदनगर शहरात, ज्याचे नाव सरकारी दप्तरात २०२४ सालापासून अहिल्यानगर झाले असले तरी जुन्या माणसांच्या तोंडून अजून नुसते ‘नगर’च बाहेर पडते, त्या शहरात माळीवाड्याकडून झेंडीगेटाकडे किंवा भिंगारच्या बाजारात सकाळच्या प्रहरी पायी हिंडणाऱ्या माणसाला एक गोष्ट हटकून दिसते: पंधरा-वीस वर्षांची जुनी मोटार, टेम्पो किंवा जीप जेथे म्हणून उभी असेल तेथे तिच्या मागच्या चाकाखाली एक दगड असतो. रस्ता उताराचा असला तर असतोच, पण तळहातासारखा सपाट असला तरीही असतो. हा दगड बहुधा काळ्या पाषाणाचा, तीन बाजूंनी ओबडधोबड आणि चौथ्या बाजूने टायरच्या नित्य स्पर्शाने गुळगुळीत झालेला. मालक गाडी घेऊन गेला म्हणजे तो दगड गटाराच्या कडेला आपली जागा धरून बसून राहतो, आणि शेजारपाजारचे कोणी त्याला हात लावीत नाही. आमच्या भागात त्याला ‘उटी’ म्हणतात. मोटारीच्या पोटात तिला जागच्या जागी धरून ठेवण्याची एक स्वतंत्र तजवीज कारखानदाराने करून दिलेली असताना, आणि हातब्रेक या नावाने ती चालकाच्या हाताशी सदैव हजर असताना, या शहराने दगडाची नोकरी तहहयात का चालू ठेवली, हा प्रश्न मला अनेक वर्षे पडत असे. त्याचे उत्तर मला एका अडकलेल्या हातब्रेकाने दिले. परंतु ते सांगण्यापूर्वी थोडे मागे जाणे अवश्य आहे.

जड वस्तू हलविण्याचे आणि हललेली वस्तू थांबवून धरण्याचे कसब या गावाला नवे नाही. विजापूरच्या शेरझा बुरुजावर आज विसावलेली मुलूख-ए-मैदान तोफ १५४९ साली, बुऱ्हाण निजामशहाच्या कारकिर्दीत, महंमद बिन हसन रूमी याने ओतली ती या नगरातच. सुमारे ५५ टनांचे ते पंचधातूचे धूड येथून परांड्यास गेले आणि पुढे सतराव्या शतकात परांड्याहून विजापुरास. त्यासाठी शेकडो बैल आणि काही हत्ती जुंपले होते अशी परंपरा सांगतात. बखरकारांचे लक्ष स्वाभाविकच तोफेकडे आणि हत्तींकडे असते. परंतु ज्याने कधी भरलेली बैलगाडी चढावर चढविली आहे त्याला ठाऊक असते, की ओढणाऱ्यांनी दम खाण्यासाठी दोर सैल सोडला रे सोडला की त्या क्षणी चाकामागे दगड सारणारा एक माणूस हवा, आणि त्याचा हात निमिषभर चुकला तर दहा हत्तींची मेहनत उताराला लागते. अशी माणसे त्या वाटेवर मुक्कामामुक्कामाला असलीच पाहिजेत, असे मी तर्काने समजतो.

साध्या रयतेच्या गाडीची कथा याहून निराळी. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत दख्खनच्या पठारावर माल वाहत असे तो मुख्यतः लमाणांच्या आणि वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून. गाड्या थोड्या, आणि ज्या होत्या त्यांची चाके अखंड लाकडाची किंवा चक्क दगडाची. दगडी चाकाच्या गाडीला थांबविण्याची चिंता नसते, तिला हलविण्याचीच असते. १८३०नंतरच्या दशकात गेसफर्ड नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने शेजारच्या सोलापूर मुलखात टेंभुर्णी येथे हलक्या, आऱ्यांच्या चाकांच्या स्वस्त गाड्या बांधविण्यास सुरुवात केली, सडका होत गेल्या, आणि त्या गाडीची चाल महाराष्ट्रभर पसरली. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग नगरवरून सुरू झाला, तेव्हा स्टेशनाच्या मालधक्क्यावर धान्य आणि कापूस आणून टाकणाऱ्या गाड्या याच नव्या घडणीच्या असणार. हलकी गाडी वेगाने चालते, आणि जे वेगाने चालते ते वेगाने घरंगळते. तेव्हा उटीचा खरा संसार या गाडीपासून सुरू झाला असे म्हणावयास हरकत नाही. बैल सोडले, जू टेकविले, वैरण टाकली आणि चाकाखाली दगड सारला, हा क्रम गाडीवानाच्या अंगात इतका मुरला, की त्याचा मुलगा मोटारीचा क्लीनर झाला तेव्हा वैरण तेवढी त्यातून गळाली.

मोटार आली तेव्हा मात्र हातब्रेकाचे पद आजच्यापेक्षा पुष्कळच थोर होते. प्रारंभीच्या मोटारींत पायाचा ब्रेक बहुधा चाकांवर नव्हे तर यंत्राच्या मधल्या फिरत्या भागावर लागत असे, आणि प्रत्यक्ष मागच्या चाकांना धरणारा जो ब्रेक तो हाताच्या लांब दांड्याचा. फोर्ड कंपनीच्या १९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या मॉडेल टी गाडीची रचना अशीच होती. पुढच्या चाकांना तर ब्रेकच नसे. लुई रेनॉने १९०२ साली ड्रमच्या आत फाकणाऱ्या ब्रेकची रीत काढली, अर्नेस्ट बाउडनने १८९६ मध्ये पेटंट घेतलेली म्यानातली तार पुढे सायकलीवरून मोटारीत आली, आणि पुढे तेलाच्या दाबाने चारही चाकांना एकदम धरणारा ब्रेक आला तेव्हा हातब्रेकाची मनसब खालसा झाली. ज्याने एकेकाळी धावती गाडी आवरली त्याला उभ्या गाडीच्या देवडीवर पहारेकरी म्हणून बसविण्यात आले. पगार तोच, काम नाममात्र. नगरच्या रणगाडा संग्रहालयात, जे १९९४ साली लोकांना खुले झाले, पहिल्या महायुद्धाच्या काळातली रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट जातीची चिलखती मोटार ठेवलेली आहे. तिच्यापुढे उभे राहिले म्हणजे पोलादी पत्र्याचे ते ओझे केवळ मागच्या दोन चाकांच्या भरवशावर थांबत असे, या विचाराने तिच्या चालकांविषयी मनात आदर उत्पन्न होतो.

लष्कर आणि मोटार यांचा या गावाशी असलेला संबंध पिढ्यांचा आहे. ब्रिटिश अमदानीत रणगाड्यांचे शिक्षण येथे सुरू झाले, स्वातंत्र्यानंतर चिलखती दलाचे केंद्र येथे स्थिरावले, वाहनांची परीक्षा आणि संशोधन करणारी संरक्षण खात्याची संस्था येथेच आहे, आणि खारे-कर्जुन्याच्या माळावरून तोफांचा आवाज अजून शहरापर्यंत येतो. अशा गावात वाहनदुरुस्तीची विद्या छावणीच्या कुंपणातून झिरपत बाहेर आली तर त्यात नवल नाही. छावणीतून निवृत्त झालेला कारागीर शहरात दुकान थाटी आणि त्याच्या हाताखाली चार पोरे तयार होत; त्या पोरांना पान्याचे आणि बोल्टाचे इंग्रजी माप बिनचूक ठाऊक असे, मात्र अक्षरओळख असेलच असे नसे.

परंतु या कारागिरांच्या मनात हातब्रेकाविषयी जो अविश्वास बसला त्याचे मूळ मला वाटते जीपमध्ये आहे. दुसरे महायुद्ध संपले, लष्कराच्या जीपगाड्या ‘डिस्पोजल’च्या मालात विक्रीस निघाल्या, १९४७ पासून महिंद्र कंपनी मुंबईत जीपची जुळणी करू लागली, आणि प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साह्याने उभारलेल्या सहकारी साखर कारखान्यापासून जिल्ह्यात जे नवे कर्तेपण उदयास आले त्याचे वाहन, बैठकीपासून प्रचारापर्यंत, जीप हेच ठरले. या जुन्या जीपचा हातब्रेक चाकांवर नसतो. डॅशबोर्डाखालची मूठ ओढली की एकच तार मागे जाते आणि गिअरच्या पेटीमागे, जेथून मागच्या धुरीकडे दांडा निघतो तेथे बसविलेला ड्रम आवळते. युक्ती उत्तम, पण तिच्यात एक मेख आहे. मागच्या दोन चाकांमध्ये वळणावर वेग वाटून देणारी जी दातेरी चाकांची यंत्रणा असते तिच्यामुळे, एक चाक जॅकवर अधांतरी उचलले की ते मोकळे चाक उलटे फिरून दुसऱ्याला सरकू देते. म्हणजे दांडा आवळलेला, मूठ पुरती ओढलेली, आणि गाडी तरीही जॅकवरून खाली. पंक्चर काढताना हा अनुभव ज्याला एकदा आला त्याने पुन्हा आयुष्यात उटीवाचून जॅक लावला नाही, आणि आपल्या शागिर्दांनाही लावू दिला नाही. त्या शागिर्दांच्या हाती पुढे अँबॅसडर आल्या, मारुती आल्या, त्यांचे हातब्रेक मागच्या चाकांच्या ड्रमात होते आणि ते असा दगा देणारे नव्हते. पण उस्तादाची शिकवण गाडीबरोबर बदलत नसते.

एस. टी.नेही या शिकवणीवर शिक्कामोर्तबच केले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. लाकडी सांगाड्याची, काथ्याच्या बैठकांची, निळ्या-रुपेरी रंगाची ती बेडफर्ड बस आणि तिचे चालक किसन राऊत व वाहक लक्ष्मण केवटे यांची नावे आता या जिल्ह्याच्या इतिहासाचा भाग झाली आहेत. (याच मार्गावर १ जून २०२२ रोजी विजेवर चालणारी शिवाई सुरू करण्यात आली, हे योग्यच झाले.) पुढे एस. टी. पाथर्डीकडे करंजीच्या घाटाने, औरंगाबादेकडे इमामपूरच्या घाटाने आणि संगमनेराहून पुण्याकडे चंदनापुरीच्या घाटाने धापा टाकीत चढू लागली. पाणी उकळून गाडी घाटात थांबली की पहिला पाय खाली पडत असे तो लाकडी ठोकळा हाती घेतलेल्या माणसाचा. लहानपणी करंजीच्या घाटात मी हा देखावा खिडकीतून पाहिलेला आहे: ड्रायव्हरने हातब्रेकाचा दांडा दोन्ही हातांनी मागे खेचला, दात्यांची कटकट सर्व उतारूंनी ऐकली, आणि तरीही ठोकळा चाकामागे बसल्याचा धप्प असा आवाज येईपर्यंत एकाही उतारूने बूड हलविले नाही.

कायद्यानेही, गंमत अशी की, दगडाला बाहेर काढलेले नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२६ सांगते ते थोडक्यात असे, की चालक जागेवर नसताना सार्वजनिक ठिकाणी उभ्या केलेल्या गाडीचे यंत्र बंद असावे आणि ब्रेक लावलेला असावा, अथवा गाडी आपोआप चालू लागणार नाही अशी अन्य काही उपाययोजना केलेली असावी. या ‘अन्य उपाययोजने’त आमची उटी सुखाने बसते. विधिज्ञांच्या मनात कदाचित दुसरे काही असेल. मी नगरकर आहे आणि मला दगडच दिसतो.

आता माझी हकीकत. आमच्या घरी एक मारुती ८०० आहे. वडिलांनी हौसेने घेतली, जपून वापरली, आणि गेली कित्येक वर्षे तिचा मुक्काम सावेडीतल्या आमच्या घरासमोर कडुनिंबाखाली आहे. गाडी उभी केली की पहिल्या गिअरमध्ये टाकायची आणि मागच्या डाव्या चाकाला उटी लावायची, हा वडिलांचा शिरस्ता. उटीचा तो दगड आमच्या जुन्या वाड्याच्या जोत्याचा आहे. वाडा पाडला तेव्हा इतर चिरे ठेकेदाराने नेले, हा एक वडिलांनी गाडीत घालून आणला. हातब्रेक ओढण्याची पद्धत आमच्याकडे नव्हती. गुदस्त साली पावसाळ्याच्या सुरुवातीस पुण्याहून माझा भाचा आला, गाडी घेऊन बाजारात गेला, आणि परत येऊन त्याने पुण्याच्या सवयीप्रमाणे हातब्रेक खेचून किल्ली आणून दिली. त्यानंतर श्रावण गेला, गणपती गेले, गाडीला कोणी हात लावला नाही. दसऱ्याला धुऊन हार घालण्यासाठी ती पुढे घ्यावी म्हणून मी दांडा खाली केला तर तो अगदी आज्ञाधारकपणे खाली आला. पण क्लच सोडताच गाडी मागच्या बाजूने जमिनीत रुतल्यासारखी बसली, इंजिन कण्हले आणि बंद पडले. आणखी दोनदा केले, दोनदा तसेच. वडील ओट्यावरून म्हणाले, “जोर करू नकोस. कोणीतरी तो ब्रेक ओढला असेल.”

शहरातल्या कोठला नावाच्या भागातून एक वयस्क मिस्त्री आले; त्यांना सगळे चाचा म्हणतात, मीही म्हणतो. बरोबर बारा-तेरा वर्षांचा नातू, शाळेला सुटी म्हणून आलेला. चाचांनी गाडीकडे पाहण्याआधी दगड शोधले आणि पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी उट्या लावल्या. मग जॅक, मग दोन घोड्या, आणि मगच मागची बाजू अधांतरी. उजवे चाक हाताने भरारा फिरले. डावे हलेना.

“शेवटचा कधी ओढला होता हा?” त्यांनी विचारले.

“भाच्याने जूनमध्ये. त्याच्या आधीचं आठवत नाही.”

“मग बरोबर आहे,” ते म्हणाले, आणि उताणे होऊन गाडीखाली सरकले.

त्यानंतरचा अर्धा तास मी शेजारी उकिडवा बसून जे पाहिले त्यात या विषयाचे सर्व सार होते. अडकलेला हातब्रेक तीन ठिकाणी अडकू शकतो: आत चालकाजवळच्या दातेरी दांड्यात, वाटेतल्या तारेत, किंवा ड्रमातल्या शूंमध्ये, आणि कोठे अडकला हे न पाहता हातोडी उचलणारा कारागीर चाचांच्या हिशेबी कारागीर नव्हे. त्यांनी नातवाला गाडीत बसवून दांडा ओढावयास आणि सोडावयास सांगितले, आणि स्वतः बॅटरीच्या उजेडात चाकाच्या मागच्या पत्र्यात जेथे तार शिरते तेथला इवलासा लोखंडी हात पाहत राहिले. ओढले की तो हात थोडा पुढे जाई. सोडले की उजवीकडचा परत येई, डावीकडचा तेथेच राही. मग त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचे टोक लावून तो हात हळूच मागे रेटला, तसे चाक खर्र असा आवाज करून फिरले. निदान झाले. हात मोकळा असूनही चाक फिरले नसते तर दोष शूंचा ठरला असता. गाडी धुऊन ओल्या ड्रमावर तसाच हातब्रेक ओढून उभी केली की गंजाने शू ड्रमाला चिकटतात, आणि तेव्हा ड्रमाच्या कडेवर लाकडाचा ठोकळा धरून हलक्या हाताने चौफेर ठोकावे, गाडी गिअरमध्ये टाकून बोटभर पुढे, बोटभर मागे करावी, बहुतेक वेळा टक्कन सुटते.

आमची तार मात्र मेली होती. चाकाजवळच्या वळणावर तिच्या म्यानाला चीर पडलेली, चिरेतून वर्षानुवर्षे नगरची ती मैद्यासारखी धूळ आत गेलेली, त्यावर पाणी, आणि त्याचा झालेला लाल चिखल वाळून सिमेंट. या जिल्ह्यात पश्चिमेला अकोल्याच्या डोंगरात धो धो पाऊस पडतो आणि नगर शहराच्या वाट्याला वर्षाकाठी जेमतेम सहाशे मिलिमीटर येतो. तेव्हा येथे गंज कमी असायला हवा, असे मी माझे ज्ञान पाजळले. चाचांनी म्यानाचा तुकडा माझ्या तळहातावर आपटून त्यातली लाल भुकटी काढून दाखविली. तार रोज ओढली गेली असती तर हे सारे घासून बाहेर पडले असते, असे त्यांचे म्हणणे. ती वर्षानुवर्षे निश्चल राहिली म्हणून आतल्या आत धरली गेली, आणि माणसाच्या हाताचा जोर तिला एकदा पुढे ओढू शकला तरी ड्रमातल्या स्प्रिंगचा जोर तिला मागे आणण्यास पुरला नाही. म्हणजे ज्या अविश्वासापायी आम्ही दगड वापरला त्या अविश्वासानेच ब्रेक नासला, आणि नासला म्हणून अविश्वास खरा ठरला. उभ्या उभ्या मला माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. शहरातल्या किती गाड्यांच्या पोटी ही कथा चालू असेल, आणि किती भाच्यांच्या माथी तिचा दोष बसला असेल, कोण जाणे.

रॉकेल सोडून तार मोकळी होते, पण म्यान फाटले असल्यास ती पुन्हा धरते. म्हणून नवी आणविली. ड्रम काढला तेव्हा आत काळ्या धुळीचा थर होता. नातवाने लहान मुलांच्या सहजवृत्तीने फुंकर मारण्यासाठी गाल फुगविले, तोच चाचांनी त्याचा खांदा धरून मागे ओढले आणि ओल्या फडक्याने ती धूळ टिपून घेतली. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असे, ते श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसते. त्यांच्या उस्तादाच्या काळी सर्वजण फुंकरच मारीत. उस्ताद कशाने गेले ते चाचांनी सांगितले नाही, मी विचारले नाही. शूंच्या टेकण्याच्या जागी कणभर ग्रीस लावले, लायनरला त्याचा डाग लागू नये म्हणून बोट पुन्हा पुन्हा पुसले, ड्रम चढविला, आणि दांडा पाच दात ओढताच दोन्ही चाके सारखी आवळली जातील इतका तारेचा ताण बांधून दिला. “रोज ओढा,” एवढेच जाताना म्हणाले. जुनी तार त्यांनी गुंडाळून पिशवीत टाकली. तिच्या टोकाचा लोखंडी चिमटा चांगला होता.

नगरच्या उत्तरेस पिंपळगाव माळवीजवळ, मेहेराझाद येथे, मेहेरबाबांची निळी बस आहे. १९३८-३९ साली तिने शिष्यमंडळींना घेऊन हिंदुस्थानभर प्रवास केला. पुढे तिचा सांगाडा चाकांवरून उतरवून त्याची खोली करण्यात आली, आणि १९४९ सालच्या एकांतवासात बाबा तिच्यात बसत. ती मी पाहून आलो तेव्हा तिच्याखाली दगड शोधण्याची माझी दृष्टी आपोआप वळली, आणि तिला आता कोणत्याच ब्रेकाची गरज उरलेली नाही हे ध्यानात येऊन मी ओशाळलो.

मी आता हातब्रेक रोज ओढतो. दात्यांची कटकट मोजतो, पाच झाल्या की थांबतो. वडिलांना ती कटकट ओट्यावर ऐकू जाते. ते काही बोलत नाहीत. दिवेलागणीच्या सुमारास फाटकाची कडी लावावयास म्हणून बाहेर येतात, गाडीला एक वळसा घालतात, आणि चपलेच्या टोकाने जोत्याचा तो चिरा चाकाखाली सारून आत जातात.